पौंडभर ज्वारी आणि प्रथिनांचा आकडा

वजन घटवताना रोज किती प्रथिने खावीत? छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात व्यायामशाळेतून घरी परतणाऱ्या तरुणाला हा प्रश्न अगदी आजचा वाटतो. मोबाइलवर त्याला एकाच दिवसात चार वेगळे आकडे मिळतात. पण शरीराच्या गरजेपेक्षा अन्न कमी मिळू लागले की प्रथिनांचे काय होते, हा वाद दख्खनमध्ये दीडशे वर्षांपूर्वीच पेटला होता. फरक इतकाच, की तेव्हा वजन घटवण्याची हौस कोणालाच नव्हती. हा धागा त्या आकड्याच्या इतिहासाचा आहे.

आरंभ १८७७ च्या जानेवारीपासून. १८७६ चा पाऊस फसला होता. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी हे मुंबई इलाख्याचे जिल्हे होरपळत होते. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तेथील कारभार वेगळा असला तरी आभाळ तेच होते. इलाख्यात सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, तलाव, खडी फोडणे अशी ती कामे होती. त्यांच्या पाहणीसाठी केंद्र सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले.

टेंपल यांची नेमणूक मोठी विलक्षण होती. १८७४ च्या बिहार-बंगालच्या दुष्काळात याच गृहस्थांनी ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून अपार माणसे वाचवली होती, आणि ‘फार खर्च केला’ म्हणून वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती. तीन वर्षांनी दख्खनमध्ये आलेले टेंपल काटकसरीचा धडा पक्का गिरवून आले होते. त्यांनी सुचवले, की दुष्काळी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य विकत घेता येईल एवढी मजुरी आणि वर मीठमिरची, सरपणासाठी थोडे पैसे पुरेत. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. इतिहासात ही मजुरी ‘टेंपल वेज’ म्हणून कुप्रसिद्ध झाली.

एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. हे धान्य ज्वारी धरले, तर आजच्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार त्यातून सुमारे ४५ ग्रॅम प्रथिने आणि जेमतेम १,५०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. आता शेजारी दुसरा आकडा ठेवावा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ६५ किलो वजनाच्या पुरुषासाठी शिफारस केलेली प्रथिने आहेत दिवसाला ५४ ग्रॅम. म्हणजे किलोमागे ०.८३ ग्रॅम. त्या काळचा मजूर ६५ किलोचा नव्हता. तो ५० किलोचा धरला तर त्याची शिफारस होते ४१ ग्रॅमच्या आसपास.

अर्थात निव्वळ प्रथिनांच्या रकान्यात पाहिले तर टेंपल यांचा शिधा उत्तीर्ण होतो. आणि तोच शिधा खाऊन माणसे कामावर कोसळत होती.

हे कोडे कळले की पुढचा सगळा इतिहास कळतो. ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनांना त्यांच्या कामावर राहू देत नाही. स्नायू बांधणे, पेशींची डागडुजी करणे हे प्रथिनांचे काम. पण चूलच विझायला आली, तर घरातले लाकडी सामानही चुलीत जाते. भाकरीतून आलेली प्रथिने जळतात आणि पाठोपाठ अंगावरच्या स्नायूंचीही पाळी येते. प्रथिनांतील नत्र मूत्रावाटे बाहेर पडतो. साधारण सव्वासहा ग्रॅम प्रथिनांमागे एक ग्रॅम नत्र असतो. जितका नत्र आत आला त्याहून जास्त बाहेर गेला, तर शरीर स्वतःलाच खात आहे असे समजावे. शास्त्रज्ञ या हिशेबाला नत्राचा समतोल म्हणतात. दिवसभर खडी फोडणाऱ्याला १,५०० किलोकॅलरी देणे म्हणजे तो समतोल रोज मोडणे होते.

हा मुद्दा त्या काळातही मांडला गेला. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश यांनी टेंपल यांच्या पौंडाला उघड विरोध केला. श्रम करणाऱ्या माणसाला किमान दीड पौंड धान्य हवे, शिवाय नत्रयुक्त अन्न म्हणजे डाळ आणि भाजीपाला हवा, असे त्यांचे म्हणणे होते. कैद्यांना तुरुंगात काय मिळते आणि निरपराध मजुराला काय, ही तुलनाही या वादात वारंवार झाली. टेंपल यांनी ही शास्त्रीय चर्चा फारशी मनावर घेतली नाही.

मजुरांनी मात्र शास्त्राची वाट पाहिली नाही. १८७७ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत मुंबई इलाख्यात सुमारे एक लाख माणसे दुष्काळी कामे सोडून निघून गेली. कमी केलेली मजुरी आणि दूरच्या छावण्यांत जाण्याची सक्ती ही त्याची कारणे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या लोकांची बाजू उचलली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. भारतात अन्नाच्या वजनावरून झालेला हा पहिल्या मोठ्या सामूहिक लढ्यांपैकी एक म्हणावा लागेल. शालेय पुस्तकांत त्याला दोन ओळीही मिळत नाहीत, हे नवल. टेंपल मात्र त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

मग ‘किती प्रथिने’ याचा आकडा कोणी ठरवला? जर्मनीत. म्युनिकचे कार्ल फॉन व्हॉइट यांनी मध्यम श्रम करणाऱ्या सत्तर किलोच्या पुरुषासाठी दिवसाला ११८ ग्रॅम हा आकडा दिला आणि तो पुढे कित्येक वर्षे वेदवाक्यासारखा चालला. त्यात एक मोठी मेख होती. चांगले कमावणारे जर्मन कामगार काय खातात हे पाहून तो ठरला होता. माणसे जे खातात तेच त्यांना लागते, असे गृहीत धरले गेले. त्या तराजूत तोललेला जगातला प्रत्येक भाकरी-भात खाणारा माणूस आपोआप ‘कमकुवत’ ठरला.

स्नायूंच्या श्रमात प्रथिनेच जळतात, ही समजूत मात्र त्याआधीच ढासळली होती. १८६५ साली आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक प्रथिने नसलेला आहार घेऊन स्वित्झर्लंडमधले फाउलहॉर्न शिखर चढले. सुमारे दोन हजार मीटरची ती चढण. वाटेत दोघांनी स्वतःचे मूत्र जपून गोळा केले, कारण हिशेब नत्राचा होता. तेवढे श्रम प्रथिनांच्या ज्वलनातून निघणे शक्यच नाही, असे त्यातून दिसले. शरीर चढले ते पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांच्या बळावर. विज्ञानाच्या इतिहासात इतकी स्वस्त आणि इतकी निर्णायक सहल क्वचितच निघाली असेल.

व्हॉइट यांच्या आकड्याला खरा धक्का दिला अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या रसेल चिटेंडन यांनी. आणि येथे वजन घटण्याचा विषय थेट प्रवेश करतो, कारण प्रयोगाचा पहिला प्राणी ते स्वतःच होते. १९०२ च्या सुमारास त्यांनी आपली प्रथिने हळूहळू घटवत दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास आणली. वजन ६५ किलोवरून ५७-५८ किलोपर्यंत उतरले आणि तेथेच स्थिरावले. गुडघ्याचे जुने दुखणे गेले, उत्साह वाढला, असे त्यांनी नोंदवले. मग सहकारी प्राध्यापक, लष्कराच्या वैद्यकीय दलातील १३ सैनिक आणि विद्यापीठाचे खेळाडू यांच्यावरही त्यांनी प्रयोग केले. १९०४ साली निष्कर्ष पुस्तकरूपाने आले. व्हॉइट सांगतात त्याच्या निम्म्याने माणूस उत्तम जगतो, आणि त्याची ताकदही घटत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थबकावे. चिटेंडन यांचे वजन घटले ते कमी प्रथिनांमुळे की एकूणच कमी जेवल्यामुळे, हे त्यांच्या आकड्यांतून सहज वेगळे करता येत नाही. शिवाय ते टेबलावर बसून काम करणारे प्राध्यापक होते. खडी फोडणाऱ्या मजुराला त्यांचे उदाहरण लावले, तर टेंपल यांचे भूत पुन्हा उभे राहते.

भारतात या वादाला साम्राज्याचा रंग चढला. कलकत्त्याचे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डी. मॅके यांनी १९१२ च्या ग्रंथात बंगाली माणसाच्या कथित दुबळेपणाचे खापर प्रथिने कमी असलेल्या आहारावर फोडले. पुढे कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना भारतातील निरनिराळ्या समाजांचे आहार खाऊ घालून त्यांची वाढ तोलली. शिखांचा आहार पहिला, पठाणांचा दुसरा, मराठ्यांचा तिसरा आणि मद्रासी आहार तळाशी. हे वाचून मराठी छाती फुगवण्याचे काही कारण नाही. त्या उंदरांच्या ताटात दूध, पालेभाज्या, जीवनसत्त्वे सगळेच बदलत होते. श्रेय एकट्या प्रथिनांना देता येत नाही. पण ‘लढवय्या जमाती’ आणि ‘नाजूक जमाती’ यांच्या वसाहतवादी कल्पनेला आहारशास्त्राचा आधार मिळाला तो असा.

उपासमारीत शरीराचे नेमके काय होते याचे सर्वांत तपशीलवार मोजमाप दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झाले. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धात भाग घेण्यास तत्त्वतः नकार दिलेले हे तरुण होते. त्यांना रोज सरासरी सुमारे १,५७० किलोकॅलरी आणि ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळत. आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालावे लागे. सहा महिन्यांच्या आत त्यांचे जवळजवळ एक चतुर्थांश वजन गेले. चरबी गेली, तसे स्नायूही गेले. थंडी वाजू लागली, मन खचले, जेवणाखेरीज दुसरा विचार सुचेना.

१,५७० किलोकॅलरी आणि ५० ग्रॅम. टेंपल यांच्या पौंडभर ज्वारीपाशी हे आकडे किती जवळ येतात! मिनेसोटातल्या तरुणांना डॉक्टर होते, उबदार खोल्या होत्या आणि प्रयोग संपण्याची तारीख ठाऊक होती. दख्खनमधल्या मजुराला दिवसभराचे श्रम होते. आणि पटकी होती.

आता या कथेतील खऱ्या मराठी नायकाकडे यावे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातील बुध या गावी. फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेलेले हे संख्याशास्त्रज्ञ १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले आणि जवळजवळ वीस वर्षे रोममधून त्यांनी जगाची भूक मोजली.

त्या काळात जगात ‘प्रथिनांच्या तुटीचा’ गजर चालू होता. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये मुलांच्या क्वाशिओरकर या आजाराचे वर्णन केले होते. अंग सुजलेली, केस विरळ झालेली ती मुले प्रथिनांच्या अभावी आजारी पडतात, असे मानले गेले. १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटाचा’ इशारा दिला. शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ, माशांचे पीठ, लायसिन घातलेला पाव, अशा तयार उपायांचे पेव फुटले. भारतात ‘बाल आहार’ निघाला.

सुखात्मे यांनी या गजराला आकड्यांनी आव्हान दिले. भारतातील आहार-पाहण्यांचे आकडे तपासून १९७० साली त्यांनी मांडले, की ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांतील बहुतेकांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. पोट भरले तर प्रथिनेही पुरतात. वर प्रथिनांची पूड दिली आणि ऊर्जा तुटपुंजीच ठेवली, तर ती महागडी पूड इंधन म्हणून जळून जाते.

ज्वारीवर हा हिशेब कोणालाही करून पाहता येईल. रोजच्या २,४०० किलोकॅलरी नुसत्या ज्वारीतून घेतल्या तरी ७० ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. ज्वारीत लायसिन कमी असते खरे. पण वरणाची वाटी सोबत आली की तीही उणीव बरीचशी भरून निघते. भाकरी-वरणाची जोडी कोण्या शास्त्रज्ञाने सुचवलेली नाही.

हैदराबादला सी. गोपालन यांनाही आढळले होते, की क्वाशिओरकर झालेल्या आणि नुसत्याच वाळलेल्या मुलांच्या आहारात प्रथिनांच्या प्रमाणाचा ठळक फरक नाही. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने पुरुषाची गरज अंडी-दुधासारख्या उत्तम प्रथिनांच्या भाषेत किलोमागे ०.५७ ग्रॅमपर्यंत खाली आणली. १९७४ साली डोनल्ड मॅकलॅरेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या प्रकरणाला प्रथिनांचा महाफजितवाडा ठरवले. सुखात्मे यांचे म्हणणे खरे ठरत होते.

नेमक्या त्याच वर्षांत मराठवाडा १९७२ च्या दुष्काळात सापडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नाला बांध आणि पुन्हा तीच खडी. अमेरिकेहून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांची चव त्या पिढीच्या जिभेवर अजून आहे. या वेळी हातात मजुरी पडत होती आणि तिच्यातून धान्य घेता येत होते. १८७७ सारखे मृत्यूंचे थैमान झाले नाही.

सुखात्मे यांची गोष्ट येथे संपवली तर ती सोयीची होईल, खरी होणार नाही. पुण्याला परतल्यावर त्यांनी पुढचे पाऊल टाकले. माणसाची ऊर्जेची गरज स्थिर नसते, शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून कुपोषित मोजताना सरासरी गरजेची नव्हे तर त्याहून बरीच खालची रेषा धरावी, असे ते सांगू लागले. पुण्यातच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली २,२५० किलोकॅलरींच्या आधारे भारतातील दारिद्र्य मोजले होते. सुखात्मे यांची रेषा मान्य केली, तर कागदावरचे कोट्यवधी भुकेले एका फटक्यात कमी होत होते. दांडेकरांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. गोपालन यांनीही लहान चणीला निरोगी ठरवण्याच्या प्रवृत्तीला विरोध केला. ज्याने प्रथिनांच्या बाजारातून गरिबाला सोडवले, त्याच्याच तर्कातून टेंपल यांच्या पौंडाला वाट मिळण्याचा धोका होता. या टप्प्यावर दांडेकरांची बाजू भक्कम वाटते. शरीर जुळवून घेते हे खरे, पण त्याची किंमत कामाच्या ताकदीत आणि मुलांच्या उंचीत मोजावी लागते.

आता पुंडलिकनगरातील त्या तरुणाचा प्रश्न. गारखेडा परिसरातल्या या वस्तीत एखाद्या घरी आजोबांनी बहात्तर साली पाझर तलावावर माती वाहिलेली असेल आणि नातू आज मुद्दाम पाचशे किलोकॅलरी कमी खात असेल. सुखात्मे यांचा नियम नातवालाही लागू आहे, फक्त उलट्या बाजूने. आजोबांपुढचा उपाय होता ऊर्जा वाढवणे. नातवाने तूट स्वतः ओढवून घेतलेली आहे आणि ती त्याला हवीच आहे. मग स्नायू वाचवण्याचे दोनच मार्ग उरतात. प्रथिने वाढवायची, आणि वजने उचलून शरीराला सांगायचे की हे स्नायू कामाचे आहेत.

२०१६ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने याची परीक्षा घेतली. ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी ऊर्जा आणि आठवड्यातून सहा दिवस कठोर व्यायाम दिला. किलोमागे १.२ ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या गटाचे स्नायू जवळपास होते तेवढेच राहिले आणि चरबी साडेतीन किलो घटली. २.४ ग्रॅम घेणाऱ्यांची चरबी ४.८ किलो घटली आणि चरबीविरहित वजन १.२ किलोने वाढले. अशी टोकाची तूट रोजच्या आयुष्यात कोणी घेऊ नये. वजन बेताने घटवणाऱ्यासाठी आजचे अभ्यासक साधारण १.२ ते १.६ ग्रॅम सांगतात. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ८४ ते ११२ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवायचा. २०२० चे ०.८३ ग्रॅम हे पुरेसे जेवणाऱ्या निरोगी माणसासाठी आहेत. ते तुटीतल्या माणसासाठी काढलेले नाहीत, हे सांगायचे मात्र बहुतेक तक्ते विसरतात.

मराठवाड्याच्या ताटात एक अडचण आणखी आहे. येथे प्रथिनांचा मोठा वाटा भाकरी-पोळीतूनच येतो. त्यामुळे वजन घटवायचे म्हणून चारांच्या दोन भाकरी केल्या, की ऊर्जेबरोबर प्रथिनेही निम्म्यावर येतात. ज्वारीवरच्या १,५०० किलोकॅलरीत ४५ ग्रॅम, हा १८७७ चा हिशेब अशा ताटात नकळत परत येतो. कमी केलेल्या भाकरीच्या जागी काय येते यावर सगळे ठरते. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, पण साडेपाचशेच्या घरात किलोकॅलरीही. त्यामुळे मूठभर ठीक, वाटीभर नाही. घट्ट वरण, मोड आलेली मटकी, सोयाबीन, ताक-दही, अंड्याचा पांढरा भाग, मासे, कोंबडी यांचा भाव वेगळा पडतो. डब्यातल्या पुडीबद्दल राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेने स्नायू वाढवण्यासाठी ती टाळावी असेच सुचवले आहे.

सुखात्मे १९९७ साली वारले. त्यांनी आयुष्यभर ज्या पुडीवर टीका केली, तिचे डबे आज गल्लोगल्लीच्या दुकानांत रचलेले दिसतात. ते विकत घेणारा वर्ग तेवढा बदलला आहे.